अणू, परमाणू, रेणू : हिंदी-मराठीतला घोळ

प्रश्न इंदूरच्या एका मराठी आईचा आहे. मुलगी हिंदी माध्यमात नववीला. तिच्या पुस्तकात 'जल का अणु' आणि 'परमाणु क्रमांक'. आई मराठी शाळेत शिकलेली, तिच्या तोंडी 'पाण्याचा रेणू' आणि 'अणुअंक'. चुकतंय कोण?

कोणीच नाही. ॲटमला हिंदीत परमाणु म्हणतात, मराठीत अणू. मॉलिक्यूल हिंदीत अणु, मराठीत रेणू. 'जल के एक अणु में हाइड्रोजन के दो परमाणु होते हैं' हेच मराठीत 'पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात' असं होतं. घोळ होतो तो 'अणू' या शब्दामुळे, कारण तो दोन्हीकडे आहे आणि अर्थ मात्र वेगळा. (हेलियम, निऑनच्या बाबतीत गोंधळ झाला तरी बिघडत नाही. त्यांचा सुटा अणू हाच रेणू!) ट्रॉम्बेच्या संस्थेला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, तिचं हिंदी नाव भाभा परमाणु अनुसंधान केंद्र.

परंपरेचा हिशेब लावला तर हिंदीचं पारडं थोडं जड आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात परमाणू म्हणजे ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत तो. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. रेणू म्हणजे तर मुळात धूळ; झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. पण मराठीत 'अणुरेणू' ही जोडी आधीपासून रुळलेली होती. तुकोबांचा 'अणुरेणिया थोकडा' कोणाला ठाऊक नाही? तीच जोडी रसायनशास्त्राच्या कामी आली. मला तरी ही वाटणी आवडते. शब्द आखूड आहेत आणि 'परम'चा दावाही नाही. तो दावा तसाही टिकला नसता : थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला, रदरफोर्डने १९११ मध्ये अणूच्या पोटात केंद्रक असल्याचं मांडलं.

आता 'अणुअंक'. याचा अर्थ 'अणूंची संख्या' असा करणारी मुलं भेटतात. तसं नाही. तो एका अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांचा आकडा. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणीत मूलद्रव्यं मांडली ती मुख्यतः अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. पुढे अरगॉन हा निष्क्रिय वायू सापडला आणि पंचाईत झाली : त्याचं वस्तुमान ३९.९५, पोटॅशियमचं ३९.१०. वस्तुमानाने जावं तर पोटॅशियम निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतो, आणि अरगॉन सोडियमच्या खाली! मोजलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे अणुअंकाला पक्का पाया दिला. अरगॉन १८, पोटॅशियम १९, मिटलं. मुलीने परीक्षेत अर्थातच 'परमाणु क्रमांक' लिहावं. घरी मराठीत बोलताना 'अणुअंक' म्हणायला काहीच हरकत नाही.

जाता जाता शुद्धलेखन. मराठीत सुटा शब्द 'अणू', शेवटचा उकार दीर्घ. समासात तो पहिल्या जागी आला की ऱ्हस्व : अणुबॉम्ब, अणुभट्टी, रेणुसूत्र. संधीचं मात्र काही खरं नाही. 'अण्वस्त्र' सगळे बिनतक्रार लिहितात, पण संधीच्या नियमांनीच होणारे 'अण्वंक' आणि 'अणूर्जा' कोणी लिहीत नाही. 'अणुअंक' आणि 'अणुऊर्जा' हेच रूढ आहेत, तेच लिहावेत.