छोट्या रुग्णालयात सुरक्षित उपचारांच्या पद्धती कायम टिकाव्यात म्हणून आधी कोणती तयारी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, निपाणीजवळच्या आपल्या ५० खाटांच्या खासगी रुग्णालयात मानांकनाच्या (बाहेरच्या संस्थेकडून होणाऱ्या गुणवत्ता-तपासणीच्या) वेळी हात धुण्याची शिस्त, शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणीसूची आणि ड्यूटी बदलतानाची लेखी नोंद या तिन्ही गोष्टी सुरू झाल्या, तपासणी पार पडली आणि काही महिन्यांतच सगळे पूर्ववत झाले. तर पुन्हा आरंभ करण्यापूर्वी काय करावे? बेळगाव परिसरातील रुग्णालयांत मी आधी परिचारिका म्हणून आणि पुढे गुणवत्ता विभागात काम केले आहे, त्या आधारे लिहिते.

बदल टिकला नाही की कर्मचाऱ्यांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती मला मान्य नाही. ज्या वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर सगळे रुग्ण सांभाळतात आणि हात धुण्याचे बेसिन दुसऱ्या टोकाला आहे, तिथे प्रत्येक रुग्णागणिक हात धुण्याचा आदेश तपासणीच्या आठवड्यापुरताच पाळला जाणार, कारण त्या आठवड्यात जादा माणसे ड्यूटीवर असतात. म्हणून माझे सांगणे असे की, नियम लावण्याआधी तो पाळणे सोपे होईल अशी कामाची मांडणी बदलावी आणि अडचण सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची खात्री द्यावी. एवढे झाल्याशिवाय आरंभ करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा सूची २००८ साली आली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तीच सूची सक्तीची झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, तेव्हा सूची भरल्याच्या नोंदी भरपूर होत्या, पण मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. कागद भरला जाणे आणि टेबलाभोवतीच्या माणसांनी क्षणभर थांबून एकमेकांशी बोलणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे मला या दोन अभ्यासांवरून कळले.

याउलट अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ पासून शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत कॅथेटर (औषधासाठीची बारीक नळी) घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या. दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक कॅथेटर-दिवस) रक्तसंसर्गाच्या दराचा मध्यांक, म्हणजे सगळ्या विभागांच्या मधोमध येणारा आकडा, २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला आणि ही घट तीन वर्षांनंतरच्या पाहणीतही टिकून होती. तिथे लागणारे सगळे सामान एकाच ट्रॉलीवर ठेवण्यात आले आणि एखादी पायरी सुटली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. आपल्या रुग्णालयात कनिष्ठ सिस्टर वरिष्ठ सर्जनना ‘सर, थांबा’ असे म्हणू शकेल का, हे आपण आजच स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर तयारीचे पहिले काम तेच. आणि ते सर्जननीच सर्वांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे, परिपत्रकाने होणार नाही.

‘इथली माणसे हे करू शकणार नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर त्यांना बेळगाव जिल्ह्याचेच उदाहरण द्यावे. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० बाळंतिणींवर झालेल्या अभ्यासात गावपातळीवरच्या एएनएम सिस्टरांनी (सहायक परिचारिका-प्रसाविकांनी) रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के राहिले. पुढे २०१० मध्ये कर्नाटकातल्याच एका तालुका पातळीवरील प्रसूती केंद्रात सुरक्षित प्रसूतीची सूची वापरून पाहिली गेली, तेव्हा २९ आवश्यक कृतींपैकी सरासरी १० होत असत, त्या २५ होऊ लागल्या. उत्तर प्रदेशात मात्र त्याच सूचीचा १२० केंद्रांत प्रयोग झाला, तेव्हा प्रशिक्षक येत असताना आवश्यक कृती सुमारे ७३ टक्के होत होत्या आणि त्यांच्या भेटी थांबल्यावर त्या ६२ टक्क्यांवर घसरल्या. माता-बालकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. बाहेरून येणाऱ्या माणसाच्या भरवशावर बदल उभा करू नये, हा त्यातून मी घेतलेला अर्थ आहे. सूचीची देखरेख व्यक्तीकडे न देता पदाकडे द्यावी, म्हणजे इन्चार्ज सिस्टर नोकरी सोडून गोव्याला किंवा पुण्याला गेल्या तरी काम थांबणार नाही. आपल्या भागात ही गळती मोठी आहे, म्हणून नव्या सिस्टरला पहिल्याच आठवड्यात हे शिकवणे कोणाच्या कामात धरले आहे, तेही लिहून ठेवावे.

वस्तूंची जागा बदलणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. पोटॅशियम क्लोराइडचे अ‍ॅम्प्यूल इतर अ‍ॅम्प्यूलसारखे दिसते आणि पातळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. ‘नीट वाचून घ्या’ अशी सूचना लावण्यापेक्षा ते सामान्य वॉर्डाच्या कपाटातून काढून अतिदक्षता विभागात कुलपाखाली ठेवावे. पाण्याशिवाय हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण प्रत्येक खाटेशी टांगावे.

आपल्या सीमाभागात आणखी एक तयारी लागते, जिचा उल्लेख मानांकनाच्या पुस्तिकांत पुरेसा नसतो. खानापूर किंवा चंदगडकडचा रुग्ण मराठी बोलतो, सिस्टर बागलकोटच्या किंवा केरळच्या असतात, डॉक्टर इंग्रजीत लिहितात आणि ड्यूटी बदलताना निरोप कधी कन्नडात, कधी हिंदीत दिला जातो. ‘अ‍ॅलर्जी आहे का’ असे विचारल्यास आजी ‘नाही’ म्हणतात. पण ‘कुठले औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठले होते का, दम लागला होता का’ असे विचारल्यास आठवून सांगतात. असे आठ-दहा महत्त्वाचे प्रश्न मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत छापून ट्रॉलीवर ठेवावेत. एकाच वॉर्डात तीन पाटील आणि दोन कांबळे असणे इथे नित्याचे आहे, म्हणून औषध देताना पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन्हींनी ओळख पटवावी, खाटेच्या क्रमांकाने कधीही नाही. फोनवर मिळालेली औषधाची मात्रा सिस्टरने परत म्हणून दाखवावी आणि डॉक्टरांनी ती ऐकून घ्यावी.

चुकांच्या नोंदीबद्दल विशेष आग्रहाने लिहिते. एका रुग्णालयात चुकीचे इंजेक्शन भरले गेले, पण देण्याआधी लक्षात आले. ज्या सिस्टरने ते स्वतः कळवले, तिला मेमो मिळाला आणि त्यानंतर त्या वॉर्डाचे घटना-रजिस्टर कोरेच राहिले. टळलेल्या चुकांची नोंद वाढणे हे सुरुवातीला चांगले लक्षण मानावे आणि प्रत्येक नोंदीवर काय केले, ते कळवणाऱ्यास आठवड्याभरात सांगावे.

सर्व विभागांत एकदम सुरुवात करू नये. आपल्याकडे प्रसूती होत असतील, तर लेबर रूम घ्यावी. सरकारी रुग्णालयांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचे आणि खासगी प्रसूतिगृहांसाठीच्या ‘मान्यता’ उपक्रमाचे मापदंड आधाराला घेता येतील. मोजमाप दोनच गोष्टींचे ठेवावे, आकडे कर्मचाऱ्यांच्या खोलीतील फळ्यावर लिहावेत आणि पाहणी रविवारी व रात्रपाळीतही करावी. रात्रपाळीचे आकडे दिवसपाळीच्या बरोबरीला आले आणि सलग सहा महिने तसेच राहिले, की मगच पुढचा विभाग हाती घ्यावा.