काजूपुडीचा चॉकलेट केक बसतो का?

प्रश्न : मुलीला ग्लुटेन (गव्हा-मैद्यातलं चिकट प्रथिन) चालत नाही. मैद्याऐवजी काजूपूड घालून चॉकलेट केक केला. तेलकट झाला, मधोमध बसला. काय चुकलं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तेल मिक्सरमध्येच सुटलं. काजू सलग फिरवले की तापून लगदा होतो. 100 ग्रॅम काजू दोन चमचे साखरेसोबत थांबत-थांबत फिरवा, चाळून घ्या. पावसाळ्यात सादळलेले असतील तर आधी मंद भाजून पूर्ण गार करा.

200 ग्रॅम डार्क चॉकलेट, 120 ग्रॅम बटर वितळवून कोमट झाल्यावर 4 अंड्यांचे बलक, मग पूड घाला. पांढरं 100 ग्रॅम साखरेसह मऊ शेंडे येईपर्यंत (फेटणी उचलल्यावर फेसाचं टोक किंचित वाकेल इतपत) फेटून, हलक्या हाताने मिसळा. 170 अंशांवर 35 मिनिटं. बोटभर बसणारच, ग्लुटेनचा आधार नाही ना! भांड्याला मात्र मैदा नको, कोको भुरभुरवा.