इतकी वर्षं प्रार्थना करते, तरी माझा राग का जात नाही?

बडोद्यात माझ्याकडे जे ख्रिस्ती लोक बोलायला येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न हाच असतो, की ताई, लहानपणापासून उपासनेला जातोय, बायबल वाचतोय, तरी स्वभाव होता तसाच, मग आपला विश्वास खोटाय का. एकीची गोष्ट सांगते (तिला विचारून, आणि ओळखीचे तपशील बदलून).

ती मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरी सासरे, विसराळू झालेले. ही संध्याकाळी दमून घरात शिरते, पर्स अजून खांद्यालाच, की दादांचं सुरू, "माझं पेन्शनचं पासबुक कुठंय?" सांगितलं की दोन मिनिटांनी परत तेच, मग चौथ्या-पाचव्यांदा ही ओरडायची, बाथरूममध्ये जाऊन रडायची, रात्री प्रभूकडे क्षमा मागायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तिने प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घेणंच बंद केलं, म्हणाली कुठल्या तोंडाने घेऊ. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण जिथून बळ मिळायचं तेच तिने स्वतःला बंद करून टाकलं होतं.

मी म्हटलं, अहो, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघा ना, ख्रिस्ती झाले, बाप्तिस्मा 1895 चा, पण त्यानंतरही स्वभाव तापटच, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहून ठेवलंय. त्यांचा विश्वास खोटा म्हणाल का?

मग आम्ही बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय उघडला. विश्वासात सात्त्विकता, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती, अशी एकेकाची भर घाला असं तिथे आहे, आणि हे विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिलंय, म्हणजे त्यांच्यातही कमी होतीच की. शिवाय त्याच्या आधीच सांगितलंय की लागणारं सगळं देवाने दिलेलंच आहे, त्यामुळे आपले प्रयत्न कृपा कमवायला नाहीत, मिळालेल्या कृपेच्या भरवशावर आहेत. ही मात्र रोज रात्री "प्रभू, मला चांगली कर" एवढंच मागायची. मी म्हटलं, एकच मागा, धीर, आणि तोही संध्याकाळच्या त्या एका तासापुरता.

16व्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलांची एक साधी पद्धत आहे, ती दिली. एकच दोष धरायचा, सकाळी उठल्याबरोबर त्याची आठवण करायची, दिवसात चूक झाली की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून मनात खेद करायचा (लोकांत असलात तरी कुणाला कळत नाही), आणि दुपारी व रात्री त्या दिवसाच्या रेघेवर तेवढे ठिपके द्यायचे, मग दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडून बघायचा. तिने विचारलं, "ताई, आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, हे कॅथलिकांचं ना?" मी म्हटलं, धीर तर दोघांनाही लागतो.

पहिले काही आठवडे ठिपके फारसे कमी झाले नाहीत, ती निराश झाली. पण मला वेगळंच दिसत होतं. आधी ओरडल्यावर रात्रीपर्यंत अबोला असायचा, आता पाचेक मिनिटांत दादांजवळ जाऊन "दादा, चुकलं माझं" म्हणत होती. वाढ मी आधी इथेच शोधते, पडल्यावर माणूस किती लवकर परत येतो त्यात, ठिपके नंतर कमी होतात.

आणि त्या यादीत धीराच्या आधी ज्ञान आहे हे विसरू नका. दादांना न्यूरोलॉजिस्टला दाखवायला मी आग्रहाने सांगितलं, कारण हा मुद्दाम छळ नाही, आजार आहे, हे कळलं की निम्मा राग तिथेच उतरतो. पासबुक पारदर्शक कव्हरमध्ये घालून त्यांच्या पलंगाजवळ खिळ्याला अडकवलंय.

गेल्या महिन्यापासून ती परत प्रभुभोजन घेतेय. ठिपके काही आठवडे कमी, काही आठवडे जास्त. परवा विचारत होती, ताई आता पुढचा गुण कुठला घेऊ. मी म्हटलं, घाई नको, उत्तरायणपर्यंत हाच चालू द्या.