साक्षगंधासाठी पर्सनल लोन काढावं का?

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून आधी त्यातला हिशेब थोडक्यात मांडते. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्ही दोघं एकाच प्रॅक्टिकल बॅचला होतात. चार वर्षांची मैत्री, नोकरी लागल्यावर लग्नाचा विचार आणि आता दोन्ही घरचा होकार. डिसेंबरात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि मे महिन्यात लग्न. लग्नाचा खर्च दोन्हीकडचे आई-बाबा करणार आहेत. साक्षगंधाचा भार त्यांच्यावर नको, तो आपण उचलायचा असं तुम्ही दोघांनी ठरवलं आहे. तुमच्या हातात महिन्याला ३७,००० येतात आणि साठलेले २,२०,००० आहेत. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या नोकरीत ४३,००० मिळतात, साठलेले १,८०,००० आहेत आणि शैक्षणिक कर्जाचा ८,४०० रुपयांचा हप्ता चालू आहे. वर्धा रोडवरच्या लॉनवर ३५० लोकांचा कार्यक्रम धरून तुमचं बजेट ५,५३,००० होतं. कमी पडतात म्हणून त्यांच्या नावावर २ लाखांचं पर्सनल लोन काढायचं, तुमचे २,२०,००० त्यांच्या खात्यावर टाकायचे आणि आहेरातून कर्ज फेडायचं, असा बेत आहे.

माझं उत्तर: कर्ज काढू नका, आणि तुमचे पैसे त्यांच्या खात्यावर टाकू नका. साक्षगंध स्वतःच्या खर्चाने करायचा निर्णय मात्र फार चांगला आहे. तो सोडू नका, फक्त त्याचा आकार बदला.

बजेटपासून सुरू करू. लॉन ८५,०००, जेवण ३५० ताटं ४८० रुपयांप्रमाणे १,६८,०००, सजावट ७०,०००, फोटो-व्हिडिओ ६०,०००, कपडे ६०,०००, अंगठ्या १,१०,०००. या यादीत जीएसटी कुठेच नाही. कोटेशनमध्ये तो बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ एवढाच असतो. लॉनच्या भाड्यावर १८ टक्के म्हणजे १५,३००, केटरिंगवर ५ टक्के म्हणजे ८,४००, दागिन्यांवर ३ टक्के म्हणजे ३,३००. हे सरळ २७,००० वाढले आणि बजेट ५,८०,००० झालं. सजावटवाले आणि फोटोवाले जीएसटीत नोंदणी केलेले असतील तर त्यांचेही १८ टक्के लागतील, ते मी अजून धरलेले नाहीत. लॉनचं वीजबिल, जनरेटरचं डिझेल आणि साफसफाई भाड्यात आहे की नाही, हेही विचारून घ्या.

आता कर्ज. २ लाख, २४ महिने, व्याज १४ टक्के धरलं तर हप्ता सुमारे ९,६०० रुपये येतो आणि परतफेड सुमारे २,३०,४६० होते. प्रोसेसिंग फी २ टक्के आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी असे ४,७२० रुपये आधीच कापले जातात, म्हणजे हातात १,९५,२८० पडतात. तुमचे साठलेले चार लाख धरून ५,९५,२८०. वाढलेल्या बजेटच्या वर उरतात १५,२८०. ठरल्यापेक्षा तीस ताटं जास्त उठली तर करासह १५,१२० रुपये गेले. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघांकडे मिळून जवळपास काहीच नसेल, आणि पाच महिन्यांनी घर मांडायचं असेल.

त्यांच्या पगारातून शैक्षणिक कर्जाचे ८,४०० आणि नवे ९,६०० असे १८,००० जाऊ लागले की तो पगाराचा ४२ टक्के भाग होतो. पुढे गृहकर्जाला गेलात की बँक हाच आकडा आधी पाहते. आधीचे हप्ते जितके मोठे, तितकं कर्ज कमी मिळतं. पर्सनल लोनला तारण नसतं म्हणून व्याज जास्त, आणि व्याजदर बहुधा स्थिर असल्याने मुदतीआधी फेडलं तर दंड लागू शकतो. तरीही घ्यायची वेळ आलीच तर बँकेकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्या. ते देणं बँकेला बंधनकारक आहे. त्यात फी धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. जाहिरातीतला दर बाजूला ठेवा आणि हा वाचा.

त्यांच्या आईंनी सुचवलेली बीसी, म्हणजे भिशी, हासुद्धा कर्जाचाच प्रकार आहे. बोलीच्या बीसीत जो आधी उचलतो तो सगळ्यात जास्त घाटा सोसतो, आणि नात्यातल्या किंवा ऑफिसातल्या बीसीत कुणी हप्ते थांबवले तर दाद मागायला कागद नसतो.

आहेरातून फेडायच्या कल्पनेबद्दल मला काळजी वाटते, कारण ती खूप घरांत असते. पाकिटं तुमच्या हातात येतात, पण त्यातला मोठा भाग आई-बाबांच्या देण्याघेण्याचा असतो. त्यांनी जिथे दिलं तिथून येतं, आणि आलेलं त्यांना पुढे फेडायचं असतं. तो पैसा तुमचा म्हणून धरता येत नाही. त्यात कराचा एक मुद्दा आहे. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटी करमुक्त असतात, कुणाकडूनही आणि कितीही मिळाल्या तरी. कायद्यातले शब्द मात्र लग्नाच्या प्रसंगाबद्दल आहेत, साक्षगंधाचं नाव त्यात नाही. म्हणून साक्षगंधाची पाकिटं सामान्य भेट म्हणूनच धरा. आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी यांच्याकडून मिळालेलं करमुक्तच असतं. मित्र, ऑफिसातले सहकारी, चुलत आणि मावस भावंडं कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांच्याकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली तर सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. पाकिटं उघडताना एका वहीत नाव, नातं आणि रक्कम लिहून ठेवा.

हीच व्याख्या तुमच्या २,२०,००० ला लागू होते. लग्न होईपर्यंत होणारा नवरा कायद्याने ‘नातेवाईक’ नसतो. रक्कम भेट म्हणून गेली तर ती त्यांच्या उत्पन्नात धरावी लागेल. त्यांचा पगार पाहता प्रत्यक्ष कर बहुधा शून्यच येईल, कारण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळते. तेव्हा तुम्हाला कराची भीती घालायची नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मालकीचं. खात्यावर गेलेली रक्कम त्यांची होते. ती कुणाची होती, कशासाठी दिली, किती खर्च झाली, याचा एकही कागद राहत नाही. त्यांच्यावर विश्वास नसावा असं मी म्हणत नाही. चार वर्षांची मैत्री आणि त्यानंतर इतका मोठा निर्णय तुम्ही एकमेकांना नीट ओळखूनच घेतला आहे. पण उद्या त्यांचं खातं बँकेने काही कारणाने गोठवलं, किंवा त्यांना काही झालं, तर तुमच्या कष्टाचे पैसे सोडवायला तुमच्या हातात काही नसेल. त्यामुळे एकाने लॉनचं बिल आपल्या खात्यातून भरायचं, दुसऱ्याने जेवणाचं. प्रत्येक बिल भरणाऱ्याच्या नावावर असू द्या. जॉइंट खातं लग्नानंतर काढा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यातून दोघांपैकी कुणीही सगळी रक्कम काढू शकतो, हे ते काढतानाही लक्षात असू द्या.

पत्रात तुम्ही ओघात लिहिलेली एक गोष्ट मला लग्नाआधी मिटलेली हवी आहे. त्यांचा लॅपटॉप तुमच्या क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी घेतला आहे, २४,००० बाकी आहेत, ते दर ५ तारखेला पैसे पाठवतात आणि तुमच्या कार्डाची शेवटची तारीख ३ आहे. मधल्या महिन्यांत दोनदा लेट फी लागली. मैत्रीत असं चालतं, पण कार्ड तुमच्या नावावर आहे, त्यामुळे उशिराची नोंद तुमच्याच सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, होऊ शकते. त्यांनी २४,००० एकदम द्यावेत आणि तुम्ही कार्ड कंपनीला उरलेले हप्ते बंद करायला सांगावं. त्याला काही फी असते, ती आधी विचारा. फी जास्त असेल तर ते पैसे तुमच्या खात्यात ठेवून ऑटो-पे लावा. तसंच, त्यांच्या शैक्षणिक कर्जाला कुणी जामीन व्हायला सांगितलं तर लग्नाआधी तुम्ही सही करू नका. त्यांचे वडील सहकर्जदार आहेत, तेवढं पुरे आहे. त्या कर्जाच्या व्याजावरची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि या पगारावर तिची गरजही नाही. म्हणून कर वाचतो या कारणाने ते कर्ज लांबवू नका.

मग साक्षगंध कसं करायचं? १२० लोक, दुपारचं जेवण, बंद हॉल. डिसेंबरात नागपुरात संध्याकाळनंतर चांगलीच थंडी पडते. उघड्या लॉनवर म्हातारी माणसं लवकर उठून जातात आणि दिव्यांचा खर्च मात्र पूर्ण लागतो. दुपारचं ऊन त्या दिवसांत सोसणारं असतं, सजावट कमी लागते, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करायचा प्रश्नच येत नाही. हॉल ३०,००० आणि त्यावर कर ५,४००. १२० ताटं ४५० रुपयांनी ५४,००० आणि कर २,७००. सजावट २०,०००, फोटो २५,०००, दोघांचे कपडे २५,०००, दोन अंगठ्या करासह ६०,०००. एकूण २,२२,१००. प्रत्येकी १,११,०५०. तुमच्याकडे १,०८,९५० उरतील. त्यांच्याकडे ६८,९५०, आणि लॅपटॉपचे २४,००० दिल्यावर ४४,९५०. म्हणजे मे महिन्यापर्यंतचे शैक्षणिक कर्जाचे पाच हप्ते बाजूला ठेवूनही थोडे हातात राहतात, आणि पाच पगारांतली बचत घर मांडायला मोकळी होते. लग्न मे महिन्यातलं आहे. घर मांडताना कूलर आणि फ्रिज या वस्तू पहिल्या आठवड्यातच लागतील.

अंगठ्यांसाठी इतवारीच्या सराफ्यात दोन-तीन दुकानं फिरा आणि प्रत्येक ठिकाणी घडणावळ विचारा. सोन्याचा दर सगळीकडे जवळपास सारखाच असतो, फरक घडणावळीत पडतो. बारीक नक्षीच्या अंगठीवर ती जास्त लागते, आणि विकताना त्यातलं काही परत मिळत नाही. बिलात निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता, त्या दिवसाचा दर, घडणावळ आणि खड्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. खड्याचं वजन सोन्यात मिसळलं तर खड्यालाही सोन्याचा भाव लागतो, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा शिक्का असतो. सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दुकानातच तपासा. रोज घालायची खड्याची अंगठी १८ कॅरेटची घ्या, खडा पक्का बसतो.

लॉनवाल्याने तुम्हाला ‘बिल नको तर रोख द्या, कर वाचेल’ असं सांगितलं आहे. हे हॉलवाल्यांकडूनही ऐकाल. पावती नसेल तर तारीख बदलली किंवा कार्यक्रम पुढे गेला तर अ‍ॅडव्हान्स मागायला पुरावा राहत नाही. शिवाय एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. अ‍ॅडव्हान्स देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: तारीख आणि वेळ, किमान किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, त्याच्या वर गेल्यास ताटाचा दर, आणि रद्द केल्यास किती परत. किमान ताटं १०० ठरवा, १२० नको. आमंत्रितांपैकी काही जण येत नाहीतच.

नागपूरच्या बेसा भागातला फ्लॅट बुक करायचा विचारही तुम्ही लिहिला आहे, तो आत्ता नको. लग्नाआधी दोघांच्या नावे बुकिंग केलं तर मालकी आणि कर्ज दोन्हींत तुम्ही अडकता, आणि काही बिनसलं तर दोघांच्या सह्यांशिवाय बाहेर पडता येत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते, हेही तेव्हा मोजा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही.

राहिला प्रश्न त्यांच्या बाबांच्या यादीचा. ३५० मधली २०० माणसं त्यांच्याकडची आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे. हे बोलणं तुम्ही करू नका, त्यांच्या मुलाने करावं, आणि लॉनवाल्याला अ‍ॅडव्हान्स देण्याच्या आधी करावं. ही सगळी माणसं मे महिन्यात लग्नाला येणारच आहेत, हे बाबांनाही पटेल. तरी त्यांना साक्षगंधालाच बोलवायचं असेल, तर वाढलेल्या ताटांचा आणि मोठ्या जागेचा खर्च त्यांनी आपल्याकडून करावा. हिशेब कागदावर दाखवा: १२० च्या पुढचं प्रत्येक ताट करासह ४७२ रुपये ५० पैशांना पडतं. शंभर माणसं वाढली की ४७,२५०, जागेचं वाढीव भाडं वेगळं.

लग्न झाल्यावर दोघांनीही पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरा. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं. ईपीएफओच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरून आधारच्या ओटीपीने ई-साइन करायचं असतं. जोडीदाराचा फोटो आणि आधार क्रमांक तेवढा जवळ ठेवा.