“विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल का?” निपाणी भागातल्या एका घरातला प्रश्न

“आमचे धाकटे भावजी महिनाभर धड जेवत नाहीत. रात्री उठून बसतात. परवा म्हणाले, ‘वैनी, आता पोरांकडं तुम्हीच बघा.’ माझ्या काळजात धस्स झालं. पण विचारायला जीभ रेटेना. विचारलं आणि नसलेलं डोक्यात घातलं तर?”

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी भागातल्या एका गावातल्या वहिनींचा हा प्रश्न. थोड्याफार फरकानं तो चिकोडीतून येतो, खानापुरातूनही येतो, आणि बहुतेक वेळा विचारणारी घरातली बाईच असते. पुढे जे घर येईल ते एकच घर नव्हे. अशा काही घरांचे तपशील बदलून, एकत्र करून ते लिहिलं आहे.

आधी उत्तर. विचारल्यानं आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत दोन हजारांहून जास्त मुलांवर हे तपासून पाहिलं होतं, अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही. उलट जी आधीच खचलेली होती, ती विचारल्यावर काहीशी हलकी झाली. २०१४ मध्ये अशा १३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही विचारल्यामुळे विचार वाढल्याचं दिसलं नाही. ज्याच्या मनात काही नाही तो “छे, काहीतरीच काय” म्हणून मोकळा होतो. ज्याच्या मनात आहे तो बरेच दिवस कुणीतरी विचारेल म्हणून थांबलेला असतो.

या घरातले भावजी चाळिशीच्या आतले. अडीच एकर ऊस, त्यातला एक एकर फाळ्यानं, म्हणजे खंडानं केलेला. सोसायटीचं कर्ज थकलेलं. बायकोच्या नावावर संघाची (महिला बचत गटाची) आणि फायनान्सची मिळून तीन कर्जं, हप्ता आठवड्याचा. वसुलीवाला दारात बसून राहायचा, शेजारपाजार बघायचा. बायकोही त्याच ओझ्याखाली असल्यानं नवरा-बायकोचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतं उरलेलं. म्हणून हे सगळं दिसलं ते वहिनींना.

काय काय दिसलं? पहाटे तीनला झोप मोडायची, मग लागायची नाही. भजनाला जाणं बंद. दारू आठवड्यातून एकदा होती ती रोजची झाली. विम्याचा कागद ट्रंकेत कुठे आहे ते त्यांनी कारण नसताना थोरल्या भावाला दाखवून ठेवलं. आणि मग दोन दिवस एकदम शांत, हसून बोलणं. घरच्यांना वाटलं, सुटलं एकदाचं. ही शेवटची खूण सगळ्यात जास्त फसवते. महिनाभर तळमळणारा माणूस बाहेर काहीच बदललेलं नसताना अचानक निवांत झाला, तर कधीकधी त्यानं आत काहीतरी ठरवलेलं असतं. त्याच दिवशी विचारायला हवं.

विचारायचं कसं, हे वहिनींशी शब्दन् शब्द बसवून घेतलं. चारचौघांत नाही, जेवणाच्या ताटावर नाही, दारू प्यालेली असताना नाही. संध्याकाळी गोठ्यात धार काढून झाली की दोघं किटल्या धुतात, ती वेळ ठरली. हात कामात असले की पुरुषमाणूस लवकर बोलतो, समोरासमोर बसवलं की गप्प होतो. वाक्य असं: “भावजी, माणसाला लई त्रास झाला की कधीकधी जीव द्यावा असं वाटतं. तुमच्या मनात तसं येतंय का?” “तसलं काही नाही ना?” असं विचारू नका. त्यात “नाही म्हणा” ही विनंती आधीच असते, आणि समोरचा ती पाळतो.

भावजींनी किटली खाली ठेवली. मिनिटभर काहीच नाही. मग म्हणाले, “येतंय.”

या ठिकाणी बहुतेक घरं दोनपैकी एका बाजूला घसरतात. एक, कीर्तन सुरू होतं: पोरांचं तोंड बघ, आईबापाचा विचार कर, लोक काय म्हणतील, तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले. ऐकणाऱ्याला यातून एवढंच कळतं की आपण आणखी एका बाबतीत नापास झालो. दुसरं, शपथ. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, नाहीतर देवापुढं नारळ. शपथेनं माणूस वाचतो असा पुरावा नाही. पुढच्या वेळी विचार आला की तो सांगायचा बंद होतो, हे मात्र नक्की, कारण सांगणं म्हणजे शपथ मोडल्याची कबुली. देवाला जायचं तर जरूर जावं, सौंदत्तीला जावं, पंढरपूरला जावं. शपथ नको.

वहिनींनी शिकवल्याप्रमाणे “बरं झालं सांगितलंसा” एवढंच म्हटलं आणि पुढचे प्रश्न विचारले. हा विचार रोज येतो का, किती वेळ टिकतो? कसं करायचं तेही मनात येतं का? त्यासाठी काही आणून ठेवलंय, काही दिवस ठरवलाय? याआधी कधी तसं केलंय? आणि आतापर्यंत कशानं अडवलं? शेवटचा प्रश्न विसरू नये. भावजी म्हणाले, “धाकटी रात्री माझ्याजवळ झोपती.” हे त्यांचं त्यांनी सांगितलेलं कारण, म्हणून त्याला वजन. तेच दुसऱ्यानं ऐकवलं असतं तर उपदेश झाला असता.

नुसतंच “मेलो तर बरं” वाटणं आणि कसं, कुठं, कधी हे ठरलेलं असणं यात मोठं अंतर आहे. पहिल्यात बोलत राहायचं आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवायचं. दुसऱ्यात माणसाला एकटं सोडायचं नाही, संडासला गेला तरी दाराबाहेर कुणीतरी, आणि त्याच दिवशी दवाखाना. भावजी मधे होते: साधन मनात होतं, दिवस ठरला नव्हता. त्या रात्री थोरला भाऊ त्यांच्याजवळ झोपला.

साधन घरातच होतं. ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात ते प्रत्येक घरात असतं. गोठ्याच्या माळ्यावर मागच्या हंगामातल्या औषधाच्या अर्ध्या बाटल्या, महागाची म्हणून ठेवलेल्या. घरच्यांनी आपल्या हुशारीनं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली देवघरात टांगली. किल्ली कुठं आहे हे भावजींना ठाऊक नव्हतं असं थोडंच! श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून हेच करून पाहिलं, निकाल २०१७ साली आला: विषप्राशनाचं प्रमाण घटलं नाही. याउलट तिथल्या सरकारनं सगळ्यात जहाल औषधं टप्प्याटप्प्यानं बाजारातूनच काढली, तेव्हा १९९५ ते २०१५ या काळात देशातलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. म्हणून औषध घराबाहेर गेलं पाहिजे. या घरानं बाटल्या दुसऱ्या गल्लीतल्या चुलत्याकडे दिल्या. फवारणीला लागेल तेवढंच चुलता स्वतः आणणार, उरलेलं परत नेणार. गटारीत, ओढ्यात, विहिरीत ओतू नका. रात्रीची थ्री-फेज आली की मोटर सुरू करायला भावजी एकटे मळ्यात जायचे, ते काम काही आठवडे पुतण्याकडे गेलं. दारूही घरात नको. ती हात मोकळा करते.

“ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधतोच” असं लोक खात्रीनं सांगतात. ते खरं नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांनी सांगितलं की तो विचार आल्यापासून कृतीपर्यंत दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढं काय झालं ते १९७८ साली पाहिलं गेलं: ९४ टक्के एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणानं गेले होते. ती वेळ लाटेसारखी चढते आणि उतरते. चढलेल्या घटकेला हाताशी काही नसणं, एवढंच घरच्यांनी साधायचं आहे.

मग कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली सुरक्षा योजना सहा पायऱ्यांची आहे. दवाखान्याच्या तातडी विभागात ती करून घेतली आणि नंतर फोनवर पाठपुरावा ठेवला, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन जवळजवळ निम्म्यावर येतं असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. ती त्या माणसाच्याच शब्दांत लिहायची असते, समुपदेशकाच्या नव्हे. भावजींनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं लिहिलं. खुणा: “तीनला जाग, वसुलीवाला डोळ्यापुढं, ‘माझ्यामुळंच’ हे फिरत राहतं.” एकट्यानं करायचं: गार पाण्यानं तोंड धुणं, मोबाईलवर अभंग, रेड्याला वैरण. माणसांत जायचं: पाचला डेअरीवर, गुरुवारी भजनात, तिथं काही सांगायची गरज नाही. मदत मागायची: मावसभाऊ (“रात्री दोनला उठवलंस तरी चालंल” हे त्याच्याकडून आधी वदवून घेतलं, नुसतं नाव लिहून भागत नाही), मग वैनी. पाचव्या ओळीत डॉक्टर आणि टेलि-मानस १४४१६. सहाव्यात बाटल्या कुणाकडे आहेत ते. कागदाचा फोटो तिघांच्या मोबाईलमध्ये. पहिल्या खेपेला “मन रमवणे” असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. तीन वाजता कुणालाही मन रमवता येत नाही, वैरण टाकता येते.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. थांबून ऐका, पहिल्या आवाजाला फोन ठेवू नका.

सीमाभागात दवाखान्यात एक वेगळीच गळती होते. डॉक्टर कन्नड बोलणारे, पेशंट मराठी, मधे दुभाषा म्हणून मेहुणा. “मरावंसं वाटतं” हे मेहुणा लाजेनं “टेन्शन अदे री” (टेन्शन आहे हो) असं सांगतो आणि डॉक्टर झोपेची गोळी देऊन पाठवतात. म्हणून भावजींबरोबर चिठ्ठी दिली, त्यात सरळ लिहिलेलं: आत्महत्येचे विचार तीन आठवडे, साधन मनात होतं, झोप तीन तास, दारू रोज. तोंडी सांगायचं तर “सायबेकु अनस्तद” (मरावंसं वाटतं) हे दोन कन्नड शब्द पाठ करून जा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, तो दिवस आशाताईला विचारून घ्या. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, तर तिकडे जा.

नैराश्याची गोळी लागू व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मन सुधारण्याआधी अंगात तरतरी येते. हे पहिले आठवडे लक्ष ठेवण्याचे. गोळ्यांचं पाकीट वहिनींकडे राहिलं, रोजची रोज हातावर. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. बेचैनी वाढली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

आणि एखाद्या घरात विष पोटात गेलंच असेल तर: मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या. माणूस चालता-बोलता दिसतो म्हणून वाट पाहू नका, काही विषं उशिरा उलटतात. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पोलिसांच्या भीतीनं. “शिळं खाल्लं” असं सांगतात, आणि योग्य उपचाराची वेळ निघून जाते. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, ते खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

कर्जाचं काय? गोळीनं हप्ता फिटत नाही, हे भावजींनीच सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. तिन्ही पासबुकं एका ठिकाणी मांडून बघितली, तेव्हा त्यांच्या डोक्यातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला. असं पुष्कळदा होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा झाला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. नोंदणी असलेल्या संस्थेचं कर्ज त्यानं माफ होत नाही. पण वसुलीवाला रात्री उंबऱ्यावर बसला तर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते, आणि या घरानं थोरल्या भावाला पुढं करून ती केली.

पहिला महिना दर आठवड्याला भेट, नंतर पंधरवड्यानं. विचार पूर्ण गेले नाहीत. दोन महिन्यांनी उसाच्या बिलाला उशीर झाला तेव्हा पुन्हा आले, आणि भावजींनी रात्री अडीचला मावसभावाला उठवलं. अशा घरी या काळात वहिनींसारखं माणूसही पार थकतं. रात्री पाऊल वाजलं की दचकून उठणं, स्वतःचं जेवण विसरणं. त्यांनीही १४४१६ लावावा. फोन करणाऱ्याच्याच मनात मरणाचा विचार असला पाहिजे अशी तिथं अट नाही.