आईला लहानपणी मारहाण किंवा अत्याचार सहन करावे लागले असतील तर त्याचा तिच्या मुलांच्या मनावर परिणाम होतो का?

होऊ शकतो, पण होतोच असं नाही. 1998 मध्ये अमेरिकेत एसीई (म्हणजे बालपणीचे वाईट अनुभव) नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात बालपणी चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव आलेल्यांमध्ये डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट दिसला. आता हे झालं आईचं स्वतःचं, मुलांपर्यंत ते पोचतं ते बरेचदा तिच्या डिप्रेशनमधून आणि रोजच्या वागण्यातून. म्हणजे बघा, बाळ रडायला लागलं की काही आयांना आतून एकदम जुनी भीती उसळते, मग त्या एकतर चिडतात नाहीतर सुन्न होऊन बसतात, आणि मुलाला कळतच नाही की आपलं काय चुकलं, ते सतत आईचा मूड बघत राहतं. पुढे त्यातूनच चिंता, चिडचिड, झोप न लागणं वगैरे. काही आया उलट इतक्या जपतात की मूल एकटं काही करायलाच घाबरतं (हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही).

आईच्या त्रासाच्या खुणा जीन्सवर उमटून मुलात उतरतात वगैरे वाचाल, पण माणसांमधले त्याचे पुरावे अजून कच्चे आहेत. आईला दोष देऊ नका प्लीज. थेरपी, डिप्रेशनवर उपचार, घरात एखादं भरवशाचं माणूस, याने खरंच फरक पडतो, आणि मुलावर ओरडल्यावर नंतर जवळ घेऊन सॉरी म्हटलं तरी बरंच सावरतं.