हॅचरीत नदीचे मासे प्रजनक म्हणून आणावेत का?

प्रश्न: आमच्या हॅचरीत अनेक वर्षे घरच्याच रोहूंपासून बीज (माशांची पिल्ले) काढतो. हल्ली अंडी कमी फुटतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) लहानमोठी निघते, काही मासे वाकड्या पाठीचे असतात. नदीतले मासे प्रजनक म्हणून आणले तर फरक पडेल का?

उत्तर: पडू शकतो, पण आधी खाद्य आणि पाणी तपासा. क जीवनसत्त्व कमी पडले तरी माशाचा कणा वाकतो, आणि दाटी झाली की कोणत्याही वंशाची बोटुकली लहानमोठी होते. तिथे सगळे ठीक असेल, तरच नात्यातल्या प्रजननाचा संशय घ्या.

रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते. चार-दोन जोड्यांवर हंगाम निघतो आणि नुकसान तिथूनच सुरू होते. समजा, २० माद्यांची अंडी तुम्ही २ नरांच्या मिल्टवर (वीर्यावर) फळवली. मासे २२ दिसतात, पण चार गुणिले नर गुणिले मादी, भागिले दोघांची बेरीज, असा हिशेब केला तर वंशाच्या दृष्टीने ते जेमतेम ७ भरतात. अशा एका पिढीत अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातले प्रजनन, सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. २५ नर आणि २५ माद्या वापरल्या तर ही वाढ १ टक्क्यावर राहते. अनेक नरांचे मिल्ट एका भांड्यात मिसळू नका. त्यात एखाद्याच नराचे शुक्राणू बाजी मारतात. अंडी वाटून प्रत्येक वाटा वेगळ्या नराच्या मिल्टने फळवा. पुढचे प्रजनक राखतानाही तळ्यातले सर्वांत मोठे मासे तेवढे उचलू नका, ते बहुधा एकाच जोडीची भावंडे निघतात.

आता नदीचे मासे. ते आणले म्हणजे बीज झपाट्याने वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नका. नदीतला मासा विविधता देतो, वाढ देतो ती निवड. ‘जयंती’ रोहू असाच घडला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ मध्ये काम सुरू केले. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतल्या रोहूंचा हॅचरीच्या रोहूंशी संकर करून पिढ्यान्पिढ्या निवड केली, तेव्हा वाढीत दर पिढीला सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास सुधारणा मिळाली. एवढा व्याप एकट्या हॅचरीला झेपत नाही, म्हणून सुधारित जातीचे प्रमाणित बीज मिळत असेल तर माझे मत तिकडेच झुकते.

तरीही नदीचे मासे आणायचेच असतील, तर मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी काढा. सगळे एकाच जाळ्यातले घेऊ नका. काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून उवा आणि जखमा पाहा. कटला-रोहूचे संकर नदीतही सापडतात, तेव्हा शंकास्पद मासा सरळ बाजूला काढा. आपल्या हॅचरीतही दोन्ही जाती एकाच कुंडात सोडू नका.

प्रश्न: उरलेली बोटुकली नदीत सोडली तर नदीतले मासे वाढतील ना?

उत्तर: सोडू नका. अमेरिकेतल्या हूड नदीच्या स्टीलहेड ट्राउटवरील अभ्यासात, बंदिस्त संगोपनाच्या दर पिढीमागे माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. थोड्या जोड्यांची लाखो पिल्ले नदीत गेली, तर मासे वाढलेले दिसतील, पण मूळ वंशाची विविधता पातळ होईल. नदीत बीज सोडायचेच असेल, तर ते त्याच नदीतल्या भरपूर प्रजनकांपासून काढलेले हवे, आणि तेही विभागाच्या कार्यक्रमातून.